३-९×४० स्कोप आणि वन-पीस माउंट: सहा महिने वापरून

स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवणार असाल तर आधी चांगल्या माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलवर पकडून ठेवणाऱ्या बैठकीचे, पैसे बाजूला काढा आणि उरतील त्यात स्कोप बघा. मी उलटं केलं आणि दोन डबे छर्रे मातीत घालवले.

पलटणीत सतरा वर्षं काढली. आधी ७.६२ची एसएलआर रायफल, मग इन्सास. नेम धरायचा तो माशीवरच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीवर. उस्ताद ओरडायचे, ‘शिस्त लो!’, म्हणजे नेम धरा. स्कोपला हात लागला तो निवृत्तीनंतर, सातारा तालुक्यातल्या आमच्या गावी. गोठ्यामागे वीस मीटर मोकळी जागा आहे, शेवटी मातीचा उंच बांध. रायफल देशी बनावटीची ब्रेक-बॅरल (नळी वाकवून छर्रा भरायची), ४.५ मिमीची. छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असल्यामुळे २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवाना लागत नाही. मारायचं ते कागदावर. पाखरांकडे नळी वळवायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिला स्कोप दुकानदारानेच दोन सुट्या रिंगांवर पाच मिनिटांत कसून दिला. पन्नासेक छर्रे ठीक गेले, मग ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, खाली सरकायला लागला. मी रोज टरेट (नेम सरकवायचं स्कोपवरचं बटण) फिरवायचो. आज चार क्लिक वर, उद्या सहा. शेवटी नातीनेच पकडलं. म्हणाली, “आजोबा, रिंग मागं आलीय बघा.” रेलवर (रायफलवरच्या, माउंट बसतो त्या खाचांच्या पट्टीवर) घासल्याची चकाकी दिसत होती. मोजलं तर दोन मिलिमीटर. पुढच्या आठवड्यात स्कोपच्या आतली फुलीच तिरकी झाली आणि तो कायमचा गेला.

कारण नंतर कळलं. काडतुसाची बंदूक फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि तो पुढे जाऊन आदळला की तिला उलटा, पुढचा हिसका बसतो. या दुसऱ्या हिसक्याने स्कोप रेलवरून मागे सरकतो आणि हलक्या स्कोपचं आतलं काम ढिलं होतं. म्हणून घेताना ‘एअरगनला चालतो का’ हे स्पष्ट विचारा.

नवा स्कोप ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची), पुढे एओची, म्हणजे निशाणाच्या अंतराला स्कोप जुळवायची, कडी असलेला, ७,८०० रुपयांना पडला. माउंट वन-पीस, ११ मिमी डव्हटेल रेलवर बसणारा, १,६५० रुपयांना. या माउंटच्या पोटात एक खिळी आहे, ती रेलच्या मागच्या भोकात उतरते. खरं काम ही खिळीच करते.

बसवायला मी सबंध दुपार दिली. रेलवरचं तेल स्पिरिटने पुसलं, खिळी भोकात बसवून माउंट कसला, स्कोप ठेवला, पण वरच्या पट्ट्या ढिल्याच राहू दिल्या. मग झूम नऊवर ठेवून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप थोडा पुढे-मागे करायचा. माझ्या डोळ्यापासून साधारण नऊ सेंटीमीटरवर पूर्ण गोल दिसला. फुली सरळ करायला गवंड्याचा ओळंबा आणला, आंब्याच्या फांदीला टांगला आणि रायफल सपाट धरून उभी रेघ त्याच्या दोरीवर जुळवली. नंतर स्क्रू आलटून पालटून, पाव-पाव फेरा. ॲलन की दोन बोटांत धरायची. मूठ वळली की स्कोपच्या नळीला पोचा आलाच म्हणून समजा. शेवटी रिंग आणि स्कोपच्या नळीच्या सांध्यावर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली.

झिरो करताना, म्हणजे फुली आणि छर्रा एका जागी आणताना, सुरुवात दहा मीटरवरून, मोठ्या पुठ्ठ्यावर. कागदावर भोकं दिसायला लागली की वीस मीटर. एका छर्ऱ्यावरून टरेटला हात लावायचा नाही; पाच मारायचे आणि त्यांचा मध्य धरायचा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक वीस मीटरवर जेमतेम दीड मिलिमीटर सरकवतो. माझा ग्रुप २९ मिमी खाली आणि १५ मिमी डावीकडे होता. वीस क्लिक वर, दहा उजवीकडे. पुढचे पाच ठिपक्याभोवती बसले तेव्हा आम्ही दोघं पळतच पुठ्ठ्याकडे गेलो. स्कोप रायफलच्या नळीच्या वर असल्यामुळे दहा मीटरवर छर्रा सव्वा सेंटीमीटर खाली लागतो. तो दोष नाही, लक्षात ठेवायची गोष्ट आहे.

एवढ्या जवळच्या अंतरासाठी एओ नसलेला स्कोप घेऊ नका. पोत्यावर रायफल टेकवून डोकं जरा वर-खाली करा; फुली निशाणावर हिंडत असेल तर नेम तुम्ही गाल कुठे टेकवता त्यावर अवलंबून आहे. या स्कोपमध्ये कडी फिरवली की फुली जागेवर राहते. कडीवरचे आकडे मात्र यार्डात आहेत आणि जवळच्या अंतराला नीट जुळत नाहीत. मी स्वतः मोजून पांढऱ्या रंगाची खूण केली. कडी घट्ट आहे, नातीला दोन्ही हात लावावे लागतात. संध्याकाळी पाचनंतर नऊवर चित्र मंद होतं, मी सहावर आणतो.

आणि पकड. एसएलआर आवळून धरायची सवय इथे नडली. ही रायफल उघड्या तळव्यावर, दर वेळी त्याच जागी नुसती ठेवायची. हे जमलं तेव्हा ग्रुप निम्म्यावर आला.

नात आता कोल्हापुरात दहा मीटरचा सराव करते. त्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, ॲपर्चर साइटच, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम मारायच्या रायफल स्पर्धेचं) कांस्य मिळवलं तेही स्कोपशिवाय. नातीच्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणून स्पर्धेसाठी हे काही घेऊ नका. घरी कागदावर श्वास आणि घोडा सांभाळायला शिकायचं असेल तर जरूर घ्या.

सहा महिन्यांत दोन हजारांवर छर्रे झाले. पाचही भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. पेन्सिलीची रेघ तसूभरही तुटलेली नाही. दर रविवारी रायफल पुसताना ती आधी बघतो.