गार्डियनचं क्रिप्टिक: उत्तर हजर, व्हाउचर गायब

‘गंगेची उपनदी, ३ अक्षरं’ असं वाचून ‘यमुना’ लिहिण्यात ज्यांना अजून मजा येते, त्यांनी हे परीक्षण वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांची मजा चालू द्या. हे लिहितेय ते साधं शब्दकोडं चहा गार व्हायच्या आत संपवून ‘आता काय?’ म्हणत बसणाऱ्यांसाठी. त्यांच्यासाठी माझी शिफारस: लंडनच्या ‘द गार्डियन’ या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवरचं रोजचं क्रिप्टिक क्रॉसवर्ड. पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. खाली वर्गणीची विनंती असते, ती वाटली तर मानायची. इंग्रजी वाचायची सवय मात्र हवी. शेक्सपिअर पाठ नसला तरी चालेल, क्रिकेट माहीत असलेलं बरं. ते का, हे पुढे येईलच.

क्रिप्टिक म्हणजे काय, हे इंग्रजी उदाहरणांनी सांगत बसले तर निम्मे लोक पळतील, म्हणून घरचीच करून देते. ‘तलवार करी लखलख, आत पंढरीचा वाटसरू (४)’. वाचताना डोळ्यांपुढे लढाई उभी राहते. तीच फसगत. तलवार विसरा, अक्षरं बघा: तल-वार करी. आत ‘वारकरी’ बसलेला आहे. ‘आत’ ही खूण आणि ‘पंढरीचा वाटसरू’ हा सरळ अर्थ. दुसरं: ‘गुरुजींच्या मागे गाडी, मंत्रालयात बसणारं (४)’. गुरुजी म्हणजे सर, गाडी म्हणजे कार, झालं सरकार. तिसऱ्यात नुसता श्लेष: ‘मंडईत पैसे मोजून आणि पिचवर फुकट मिळणारा (३)’. भोपळा. आणि अक्षरं उलटी फिरवायची युक्ती आपल्याला नवी नाहीच, वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हणत तीच केली होती.

म्हणजे प्रत्येक क्लूला दोन टोकं असतात. एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, शब्दाचा खरा अर्थ. उरलेल्या भागात तोच शब्द अक्षरांच्या कसरतीने. दोन्हीकडून एकच उत्तर निघालं की ते बरोबर, कोणाला विचारायची गरज नाही. साध्या कोड्यात ‘राजा’ला नृप, भूप, नरेश काहीही चालून जातं आणि आडवे-उभे जुळेपर्यंत आपण अंधारात. इथे तसं नाही. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. व्हाउचरशिवाय एंट्री पास करायची नाही, हे हाडात मुरलंय. क्रिप्टिकमध्ये प्रत्येक उत्तराचं व्हाउचर क्लूमध्येच टाचलेलं असतं, म्हणून मला हा प्रकार इतका पटला.

आता साइटकडे वळते. ब्रिटनमध्ये मध्यरात्र झाली की नवं कोडं येतं. म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी वेळेत पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. ठाण्यात दूधवाला यायच्या आधी कोडं आलेलं असतं. पंधरा बाय पंधराचा चौकोन, साधारण तीसेक क्लू. सोमवारचं सहसा सोपं. मंगळवार ते शुक्रवार कोणता सेटर, म्हणजे कोडं रचणारा, येईल आणि किती छळेल, याचा भरवसा नाही. खाली बटणं आहेत: चेक, रिव्हील, क्लिअर आणि ॲनाग्रॅम हेल्पर. चेक दाबलं की चुकीची अक्षरं गळून पडतात, बरोबर ती राहतात. नवशिक्याला हे वरदान आहे. अंदाजाने अक्षरं ठोकून चेक-चेक खेळत बसणाऱ्यांनी सरळ लुडो खेळावं. ॲनाग्रॅम म्हणजे एका शब्दाची अक्षरं ढवळून दुसरा शब्द, आणि हेल्पर ती अक्षरं विस्कटून गोलात मांडून देतो. कागदाच्या कोपऱ्यात आपण जे गोल काढायचो तेच, फक्त खोडरबराशिवाय.

राहता राहिलं रिव्हील. हे बटण उत्तर दाखवतं. का, ते दाखवत नाही. चौकोनात शब्द उमटतो आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो. एक जुना, सगळीकडे फिरणारा नमुना घ्या: क्लू म्हणून नुसती अक्षरं, ‘एच आय जे के एल एम एन ओ (५)’. रिव्हील दाबलंत तर ‘वॉटर’ दिसेल. मग? एच पासून ओ पर्यंतची अक्षरं, म्हणजे ‘एच टू ओ’, म्हणजे पाणी, हे कोणीतरी फोड करून सांगेपर्यंत त्या उत्तराला काही चव नाही. कळलं की मात्र दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत सुटतो आपण. क्रिप्टिकची सगळी गंमत या फोडीत आहे आणि बटणाला फोड येत नाही.

म्हणून माझी पद्धत सांगते. अडलेला क्लू वहीत उतरवायचा. मूळ अर्थाखाली एक रेघ, खुणेच्या शब्दाभोवती गोल आणि उरलेल्या शब्दांवर अक्षरांचा हिशेब. हिशेब जुळला नाही तर उत्तर बरोबर असलं तरी समोर फुली. मग संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी जिन्यात गाठ. ते तमिळ, ‘द हिंदू’ या इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक सोडवण्यात मुरलेले. उत्तर कधीच सांगत नाहीत. ‘मॅडम, तो डॉक्टर पेशंट बघत नाहीये,’ एवढं म्हणून लिफ्टमध्ये शिरतात. घरी येऊन बघावं तर ‘डॉक्टर’ ही अक्षरं ढवळायची खूण निघते. डॉक्टर करणे म्हणजे फेरफार करणे, हिशेबाची कागदपत्रं ‘डॉक्टर’ करतात ना, तसं. असा माणूस जवळ असेल तर गार्डियनचं कोडं दुप्पट आनंद देतं. नसेल तर निदान कोणाला तरी जोडीला घ्या. एकट्याने शिकायला हे अवघड आहे.

ब्रिटिश सामान्यज्ञानाचा बाऊ लोक उगाच करतात. नद्या येतात, हे खरं: एक्स, टीज, डी. त्यातही ‘फ्लॉवर’ म्हटलं की फूल समजायचं नाही. जी फ्लो होते ती फ्लॉवर, म्हणजे नदी. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोडेकाराला मराठीत चार शब्द सुनावले होते. खलाशी म्हणजे टार किंवा ए बी, कामकरी म्हणजे मुंगी किंवा मधमाशी, असे काही ठरलेले संकेत पुन्हा पुन्हा येतात आणि आपोआप पाठ होतात. पण आपला हुकमी पत्ता क्रिकेट. मेडन म्हणजे एम, रन म्हणजे आर, कॉट म्हणजे सी, बोल्ड म्हणजे बी. डक म्हणजे शून्य, म्हणून ओ. ‘लेग’ लिहिलं असेल तर कधी ‘ऑन’ घ्यायचं. ‘ओपनर’ म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर, ‘टेलएंडर’ म्हणजे शेवटचं. अमेरिकन माणूस इथे डोकं धरून बसतो. आमच्या ह्यांना इंग्रजी कोड्यांत काडीचा रस नाही, पण शिवाजी पार्कात वाढल्याने हे सगळं ते पेपर न बघता सांगतात आणि वर ‘यात काय कोडं?’ म्हणून मोकळे होतात.

या कोड्यांना खरी रंगत आणतात ती कोडी रचणारी माणसं. सगळ्यांची टोपणनावं. थोडे दिवस गेले की आवाज ओळखू येतो: हा सभ्य, हा चावट, ही विज्ञानातली. जुनी कोडीही साइटवर आहेत, थेट १९९९ पासूनची, आणि माझ्या मते खरा खजिना तोच. रूफस या नावाने रॉजर स्क्वायर्स वर्षानुवर्षं सोमवारचं कोडं देत, २०१७ मध्ये थांबले. शिकायची असेल तर त्यांची सोमवारची कोडी काढा. छोटे, गुळगुळीत क्लू, बहुतेक श्लेषावर.

आणि अराउकारिया. पाळकाची वस्त्रं घालणारे जॉन ग्रॅहम, १९५८ पासून गार्डियनसाठी कोडी रचणारे. जानेवारी २०१३ मधलं त्यांचं २५,८४२ क्रमांकाचं कोडं काढून बघा. वर सूचना आहे, त्यात शब्दांच्या जागी क्लूंचे क्रमांक: अराउकारियाला अमुक क्रमांकाचा तमुक झालाय आणि त्यावर अमुक-तमुक उपचार चालू आहेत. सोडवत जावं तसतसे शब्द भरतात: कॅन्सर, अन्ननलिका, पॅलिएटिव्ह केअर. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने आपलं दुखणं वाचकांना असं कळवलं. कॅन्सरचा क्लू फक्त तीन शब्दांचा, ‘साइन ऑफ ग्रोथ’. साइन म्हणजे रास, ग्रोथ म्हणजे गाठ. आपल्याकडेही कर्क ही रास आणि कर्क हाच रोग, त्यामुळे हा क्लू मराठी माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. मी हे कोडं उशिरा, जुन्या साठ्यातून सोडवलं. त्या दिवशी चेकचं बटण दाबलं नाही.

आपल्याकडच्या पर्यायांबद्दल दोन शब्द. ‘हिंदू’चं कोडं उत्तम, भारतीय सेटर, त्यामुळे इडलीपासून इंदूरपर्यंत काहीही येतं आणि सवयीला ते जवळचं वाटतं. शेजाऱ्यांचं मत अर्थात तेच पहिलं, गार्डियन दुसरं. आमच्याकडे येणाऱ्या आणखी एका पेपरात क्रिप्टिक असायचं. त्यात कधी चौकोन कालचा आणि क्लू आजचे, कधी उत्तरंच दुसऱ्या कोड्याची. फोन केला तर ‘मॅडम, कळवतो’. अजून कळवतायत. तो पेपर मी बंद केला.

शनिवारी गार्डियनवर दोन गोष्टी येतात. एक प्राइझ क्रॉसवर्ड, त्याला अधिकृत उत्तर जाहीर होईपर्यंत चेक-रिव्हील काहीच नाही. पट्टीच्या लोकांनी तिकडे जावं. दुसरं, एप्रिल २०२४ पासून सुरू झालेलं क्विक क्रिप्टिक. यात मोजक्याच प्रकारच्या युक्त्या वापरतात आणि कोणत्या, ते कोड्याच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं. वर मी जो फोडीचा हट्ट धरला, त्यावर निम्मा उतारा इथे मिळतो. सुरुवात इथूनच करा, सोमवारचंही नंतर. दर शनिवारी एक, म्हणजे पोटभर होत नाही, पण मागची सगळी साठवलेली आहेत. एका महिन्याचा खुराक आरामात निघतो.

फोनवर चौकोन बारीक दिसतो, तरी चालू क्लू वर चिकटून राहतो म्हणून सोडवता येतं. मी प्रिंट काढते. पानावर पीडीएफचा दुवा असतो, एका ए-फोरमध्ये चौकोन आणि क्लू दोन्ही मावतात, समासात फोड लिहायला जागा उरते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी स्क्रीन रीडरने वाचता येईल अशी वेगळी मांडणीही आहे, हे मला फार आवडलं.

पाचात साडेचार तारे. अर्धा तारा कापला तो रिव्हीलच्या बटणासाठी. व्हाउचर जोडा, देऊन टाकते.