"डिस्क जाम झालीय, हब कापावा लागेल" म्हणून पैसे उकळतात, गाडीवाल्यांनी वाचा

धंद्याची गाडी असणाऱ्या सगळ्यांनी, खास करून किनारपट्टीवरच्यांनी, हे नीट वाचा आणि आपल्या ड्रायव्हरला पण वाचायला द्या.

आमची पिकअप रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी भरून कोल्हापूरला जाते, धाकटा भाऊ चालवतो आणि घर त्यावरच चालतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा गाडी दारात पावसात उभी असते. वर्षभर चाकं जेट्टीवरच्या खाऱ्या पाण्यातून फिरलेली, त्यात ही दोन महिन्यांची बैठक, मग ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी थाळी) आणि हब (ज्याच्यावर ती आणि चाक बसतं तो मधला भाग) यांच्या मधे गंज धरणारच. डिस्क बिडाची असते, गंज फुगतो आणि ती हबच्या गळ्याला अशी आवळून बसते की चाक काढा, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा चिमटा) काढा, हातानं जागची हलत नाही. यात नवल काही नाही, आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हेच होतं, पण हे गिऱ्हाईकाला माहीत नसतं यावरच काही लोकांनी दुकान मांडलंय.

ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या, माल पोचवून परत येताना आंबा घाट उतरताना ब्रेक मारला की स्टिअरिंग आणि पेडल दोन्ही थरथरायला लागलं, भावाने खाली आल्यावर हायवेलगतच्या एका गॅरेजला गाडी लावली. तिथल्या मिस्त्रीनं उजवं चाक काढलं, हातोडीचे दोन-चार ठोके मारल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दादा, वेल्डिंग मारल्यासारखी बसलीय, हब गॅसनं कापावा लागेल, आणि हब कापला म्हणजे बेअरिंग पण गेलं." भाऊ म्हणाला, थांबा, मोठ्या भावाला विचारतो. तर म्हणे "विचारा की, पण सीझन आहे, तुमच्या मागे गाड्या उभ्यायत, नंतर नंबर कधी लागेल सांगता येत नाही." पहिल्या आठवड्यातली खेप चुकली तर काय होतं हे मासळीवाल्याला सांगायला लागत नाही, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. ठिणग्या उडतात म्हणून भावाला शेडच्या बाहेर बसवलं. संध्याकाळी गाडी दिली, एक कापलेली डिस्क दाखवली, "ही बघा तुमची", भावाने तिचा फोटो काढून मला पाठवला. डिस्क, हब, बेअरिंग, पॅड, गॅस कटिंग, मजुरी मिळून १६,४०० रुपये, आणि बिल म्हणून एस्टिमेटच्या वहीतला कागद, ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर.

थरथर होती तशीच. फोन केला तर "नवीन डिस्क आहे, सेट व्हायला वेळ लागतो." पुढच्या खेपेला कोल्हापुरात ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली, मी पण मुद्दाम सोबत गेलो होतो. काकांनी चाक काढलं, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "भावा, ह्या डिस्कला कुणी हात बी लावलेला न्हाई."

त्यांनी जे दाखवलं ते लक्षात ठेवा. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर, नटांच्या स्टडच्या मधे, आटे असलेली दोन छोटी भोकं असतात. आमच्या "नवीन" डिस्कची दोन्ही भोकं जुन्या गंजाने गच्च भरलेली, वरून चंदेरी स्प्रे मारलेला. नखानं खरवडलं तर स्प्रेचा पापुद्रा निघाला आणि खाली तांबूस भुकटी. मग काकांनी माझं बोट डिस्कच्या बाहेरच्या कडेवर फिरवलं, तिथे चांगला उंच काठ लागला. पॅड जिथे घासतो तिथे डिस्क झिजते आणि पॅड न पोचणाऱ्या कडेला असा काठ राहतो, नवीन डिस्कला तो नसतोच. हबच्या नटाला दाबून केलेली जुनी खूण होती तशी, टोपीभोवतीचा गंजाचा कडा पण अखंड. म्हणजे हब निघाला नाही, बेअरिंग निघालं नाही, डिस्क निघाली नाही, फक्त पॅड नवीन टाकले आणि वरून रंग मारला. मी तिथेच मोबाईलमधला फोटो उघडला. आमच्या गाडीला पाच नट, फोटोतल्या डिस्कला सहा भोकं! दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची भंगारातली डिस्क दाखवून माझ्या भावाच्या घामाचे पैसे घेतले, आणि घाट चढउतार करणाऱ्या गाडीच्या ब्रेकशी खेळले, याचाच मला जास्त राग आहे.

आता ती डिस्क निघाली कशी ते ऐका. काकांनी ती दोन भोकं साफ केली, हबच्या गळ्याभोवती आणि स्टडच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल मारलं आणि थांबले. कॅलिपर तारेने वर बांधला, पाईपवर लोंबकळत ठेवला नाही, कारण तसं केलं तर ब्रेकचा पाईप आतून तुटू शकतो. मग त्या भोकांत दोन ८ एमएमचे बोल्ट घातले, एकदा हा थोडा, एकदा तो थोडा असे आवळत गेले (बोल्ट हबवर टेकून डिस्कला बाहेर ढकलतात), मधेच स्टडच्या मधल्या जागेवर हातोडी, डिस्क थोडी फिरवायची, परत ठोका. टण्णकन आवाज आला आणि डिस्क सुटून पुढे आली. गॅस नाही, कटर नाही. काही गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टने बांधलेली असते, तिथे हब खरंच उतरवावा लागतो, पण उतरवणं वेगळं आणि कापणं वेगळं. पुढे त्यांनी हबचा चेहरा वायर ब्रशने चकचकीत केला, पातळसं ग्रीस लावलं (घासायच्या भागाला लागू न देता) आणि मग नवीन डिस्क बसवली. थोडाही गंज तिथे राहिला तर नवीन डिस्कसुद्धा वाकडी फिरते आणि थरथर परत येते. जुनी डिस्क व्हर्नियरने मोजली तर तिच्यावरच कोरलेल्या कमीत कमी जाडीच्या खाली गेलेली होती.

त्यामुळे कोणी डिस्क जाम आहे म्हणाला तर शेडच्या बाहेर बसू नका, ते दोन बोल्ट लावून बघितलेत का विचारा. जुना पार्ट तुमच्या गाडीच्या भोकांवर ठेवून दाखवा म्हणा आणि घरी घेऊन या. नवीन डिस्कचा खोका आणि पक्कं बिल मागा. काम झाल्यावर चाक चढवायच्या आधी कडेवरून बोट फिरवा, फोटो काढा, आटे बघा.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. बरेच जण सांगतात की धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक धरले जाणार नाही, पण २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी गाडी वापरणाऱ्याला ग्राहकच मानलंय. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सहा भोकांचा तो फोटो, एस्टिमेटचा कागद, ऑनलाईन पेमेंटची नोंद आणि काकांनी लिहून दिलेला कागद, एवढं जोडतोय. याच पट्ट्यात कुणाला हबच्या नावाने असंच बिल लागलं असेल तर जुनी डिस्क भंगारात घालू नका, आणि मला कळवा, तक्रार एकत्र करू.