५ नंबरचा फ्लाय रॉड किट: खिंडसीची टिलापिया आणि तीर्थनची ट्राऊट, दोन वर्षं वापरून

नागपुरात फ्लाय फिशिंग करतो म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो की इथं ट्राऊट कुठून आणली बे. इथं ट्राऊट नाही, आणि ४५ डिग्रीच्या गावात ती जगणार पण नाही. पण ट्राऊटसाठी बनलेला रॉड इथल्या तलावावर चालतो का, याचं उत्तर मला घ्यायच्या आधी कोणीच नीट देऊ शकलं नव्हतं, म्हणून दोन वर्षं वापरून आता लिहून राहिलो.

घेतला तो किट असा, ९ फुटी ग्रॅफाइट रॉड, ५ नंबर, चार तुकड्यांचा, सोबत रील, त्यावर आधीच भरलेली लाईन आणि बॅकिंग (लाईनच्या मागं जोडलेली बारीक जादा दोरी), कापडी कव्हरची नळी आणि २० फ्लाय असलेली छोटी डबी. ८२०० रुपये पडले, ऑनलाईनच मागवला, कारण सीताबर्डीत मी फिरलो त्या दुकानांत स्पिनिंग रॉड, टेलिस्कोपिक रॉड, गळ, शिसं सगळं मिळतं पण फ्लाय रॉड म्हटलं की दुकानदार विचारात पडतो. कंपनीचं नाव लिहत नाही, कारण खाली काही तक्रारी पण आहेत आणि एका नगावरून कोणाला नावं ठेवायची नाहीत. शिवाय या किमतीतले किट साधारण एकाच घडणीचे असतात, त्यामुळे पुढचं बरंचसं दुसऱ्या किटलाही लागू पडेल.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं किंवा जड लूर (खोटा मासा) असतो, वजन पुढं जातं आणि दोरी त्याच्या मागं ओढली जाते. फ्लायला वजनच नाही, गळावर पीस आणि दोरा गुंडाळलेला असतो, तो फेकला तर चार फुटावर पडेल. म्हणून इथं वजन लाईनमध्ये असतं, जाड, प्लास्टिकचा थर असलेली लाईन, आणि फेकायची ती लाईनच, फ्लाय नुसता तिच्या मागं जातो. रॉडवरचा नंबर याच वजनाचा असतो, ५ नंबर म्हणजे लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, आपल्या भाषेत ९ ग्रॅमच्या आसपास. लोक सगळा पैसा आणि सगळा विचार रॉडवर घालतात, मी पण तेच केलं होतं, पण दोन वर्षांनी माझं पक्कं मत झालं की नागपुरात हा खेळ जमणार की नाही हे लाईन ठरवते, रॉड नाही.

रॉड चांगला आहे, मनापासून सांगतो. मऊ आहे, वरचा अर्धा भाग छान वाकतो, नवीन माणसाला लाईनचं वजन हातात जाणवतं, आणि ते जाणवलं नाही तर कास्टिंग, म्हणजे लाईन फेकणं, शिकताच येत नाही. मी पहिला महिना पाण्यावर गेलोच नाही, सकाळी सहाला रेशीमबाग मैदानावर जाऊन फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून कास्ट करायचो, मागं नेली की थांबायचं, लाईन पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढं. तो थांबण्याचा क्षण अंगात बसला की ४० फूट लाईन काही जोर न लावता जाते. कॉर्कची मूठ दोन वर्षांत थोडी काळी पडली एवढंच, रिंगा जागेवर आहेत. एक त्रास आहे, तुकड्यांचे सांधे कास्ट करता करता सैल होतात, आणि सैल सांध्यावर जोर आला तर रॉड तिथंच फुटतो. मी सांध्याच्या आतल्या भागावर साधी मेणबत्ती हलकी घासतो आणि दर अर्ध्या तासाने हाताने तपासतो, त्यानंतर एकदाही सुटला नाही.

आता लाईन. किटमध्ये आलेली लाईन डिसेंबरात रेशीमबागेत मस्त चालली, गारठ्यात पण मऊ, सरळ, कुठं पीळ नाही. तीच लाईन एप्रिलमध्ये खिंडसी तलावावर नेली आणि सकाळी नऊ वाजल्यानंतर ती हाताला चिकट लागायला लागली, रिंगांतून सरकेना, शिजलेल्या शेवयांसारखी लोळायला लागली, ४० फूट जाणारी लाईन २५ फुटांवर येऊन पडायची. मी आठ दिवस स्वतःच्या हाताला दोष देत होतो, मनगट वाकतंय, वेळ चुकतेय, असं. मग वाचून कळलं की ट्राऊटच्या लाईनी थंड पाण्यासाठीच बनतात, आतला गाभा आणि वरचा थर दोन्ही मऊ ठेवतात म्हणजे गारठ्यात त्या ताठ होऊन स्प्रिंगसारख्या गुंडाळत नाहीत. गरम हवेत तोच मऊपणा नडतो. उष्ण भागासाठी वेगळी लाईन येते, गाभा कडक, थर कडक. ती ३४०० रुपयांना वेगळी मागवली, आणि पहिल्याच सकाळी रॉड नवा घेतल्यासारखा वाटला. पण ही लाईन उलट थंडीत चालत नाही, हिमाचलात तीर्थन नदीवर मुद्दाम दोन कास्ट करून पाहिल्या, तारेसारखी वेटोळी होऊन पडली. म्हणजे नागपूरच्या माणसाला दोन लाईनी लागतातच, हा खर्च किटच्या किमतीत आधीच धरा. विकणाऱ्याने पानावर "सर्व ऋतूंसाठी" लिहिलं होतं, ते विदर्भाच्या उन्हाळ्याला लागू नाही, आणि हे त्याने स्पष्ट लिहायला पाहिजे होतं असं माझं म्हणणं आहे.

लीडर, म्हणजे जाड लाईन आणि फ्लाय यांच्या मधला बारीक दोरा, तो पण किटमध्ये नव्हता, पानावर लिहिलेला असून. वेगळा घ्यावा लागला. ९ फुटाचा निमुळता लीडर घ्या, ट्राऊटला टोकाला ५एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, आणि टिलापियाला ३एक्स, ०.२० चा, कारण इथं पाण्यात काड्या, बुंधे फार.

तर खिंडसी. रामटेकजवळचा तलाव, मी मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारूनच बसतो, आपल्याकडचे बरेच तलाव संस्थांकडे ठेक्याने असतात, मासे त्यांनी सोडलेले असतात, न विचारता गळ टाकणं बरोबर नाही. पहिल्या दिवशी एक ढीवर काका नाव बांधता बांधता बराच वेळ पाहत होते, मग जवळ आले.

"काय करून राहिला बाप्पा? गरीले चारा नाही लावत काय?"

"नाही काका, हे पिसं बांधली आहेत, मासा किडा समजून धरते."

त्यांनी फ्लाय हातात घेऊन निरखला आणि म्हणाले, "मंग इथं काहून टाकतं, तिकडं उथळात पाय, खड्डे दिसतीन." आणि खरंच, गुडघाभर पाण्यात ताटाएवढे गोल साफ खड्डे होते, टिलापियाच्या नरांनी केलेले. अमेरिकेत ज्याला पॅनफिश म्हणतात, म्हणजे तव्यात मावेल एवढे ब्लूगिलसारखे मासे, त्यांचे नर पण असेच उथळात गोल घर करून राखत बसतात आणि जवळ आलेल्या किड्यावर धावतात, म्हणून तिकडं लोक फ्लाय रॉड पहिल्यांदा पॅनफिशवरच शिकतात. आपल्याकडे ते काम टिलापिया करते. ही पण आपली नाही, १९५२ मध्ये देशात आणली आणि मग तलावातलावात पसरली, देशी माशांची जागा खाते, त्यामुळे दोन-चार घरी नेली तर मला वाईट वाटत नाही. फक्त मादीच्या तोंडात पिल्लं दिसली, ती पिल्लं तोंडातच सांभाळते, तर मी तिला सोडून देतो.

त्या सकाळी काकांच्या सांगण्यावरून अकरा मिळाल्या, सगळ्या तळहाताएवढ्या, एक तेवढी पाऊण किलोची. ५ नंबरच्या रॉडवर पाऊण किलोची टिलापिया आडवी होऊन गोल फिरते तेव्हा रॉड मुठीपर्यंत वाकतो, त्यासाठीच हा रॉड घ्यावा. मरळसाठी घेऊ नका. मला एक मरळ लागली होती वेलींच्या कडेला, तिने सरळ वेलीत डोकं घातलं आणि लीडर तुटला, गळ तिच्या तोंडात राहिला याचं अजून वाईट वाटते. मरळला ८ नंबर पाहिजे.

एक अडचण आपल्या तलावांची खास आहे, काठावरचं बेशरम आणि बाभूळ. मागं लाईन टाकायला जागाच नसते. रोल कास्ट शिकून घ्या, लाईन मागं न नेता पाण्यावरूनच गोल उचलून पुढं टाकायची, २५-३० फूट जाते आणि उथळातल्या टिलापियाला तेवढं पुरते. हा मऊ रॉड रोल कास्टला फार गोड आहे.

डबीतले फ्लाय निम्मे कामाचे. १२ आणि १४ नंबरचे फेझंट टेल आणि हेअर्स इअर निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळ्यांची नक्कल, दोन्हीकडे चालले, टिलापिया पण घेते, ट्राऊट पण. नंबर मोठा तसा गळ लहान, हे लक्षात ठेवा. कोरडे, वर तरंगणारे फ्लाय मात्र कच्चे होते, दोनदा भिजले की बुडायचे. आता मी घरीच बांधतो, गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात, लांब, अरुंद, चकचकीत, आणि ती इतवारीतला कोंबडीवाला आनंदाने देते. फोमचा मुंगीसारखा काळा फ्लाय, १० नंबर, सप्टेंबरनंतर संध्याकाळी टिलापियावर माझा सगळ्यात भरवशाचा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका, मासा लवकर सुटतो आणि स्वतःच्या कानात घुसला तर दवाखाना वाचते.

रील ठीक आहे. लाईन ठेवायला ती पुरेशी, या आकाराच्या माशांना हातानेच लाईन ओढून आणतो आपण.

ऑक्टोबरात तीर्थनला गेलो, दिल्लीपर्यंत रेल्वे, मग कुल्लूच्या बसने औट, तिथून बंजार. नळी वरच्या बर्थवर बॅगेशेजारी आरामात राहिली, चार तुकड्यांचा रॉड घ्यायचं हेच कारण. हिमाचलात ब्राऊन ट्राऊट १९०९ च्या सुमारास इंग्रजांच्या काळात कुल्लूकडे आणून सोडली, मूळची ती तिथली पण नाही. मत्स्य विभागाचं लायसन काढावं लागते, ते काढूनच पाण्यात उतरा. ट्राऊटचा हंगाम तिथं मार्च ते ऑक्टोबर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, कारण ब्राऊन ट्राऊट त्याच थंडीत अंडी घालते. उघडा हंगाम म्हणजे सगळे महिने चांगले असं मात्र नाही, मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने गढूळ, म्हणून एकतर मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. काश्मीरचा हंगाम वेगळा, तो जाण्याआधी वेगळा तपासा.

सकाळी पाण्यात थर्मामीटर धरला तर ९ डिग्री, खिंडसीला एप्रिलमध्ये हाच थर्मामीटर २९ दाखवत होता. १० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० डिग्रीला साडेसातच, आणि ट्राऊटला थंडी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, २० डिग्रीच्या वर ती नीट खात पण नाही. तिथं उभा राहून हातातला तो आकडा पाहिला तेव्हा मला हे खरं समजलं. किटची मूळ लाईन तिथं लोण्यासारखी चालली, तिची जागा तीच होती. तीन दिवसांत पाच ट्राऊट, सगळ्या निम्फवर, मोठ्या दगडाच्या मागच्या शांत पाण्यात, सगळ्यात मोठी एक फुटाची, अंगावर लाल ठिपके आणि त्याभोवती फिकट कडं. ५एक्सच्या दोऱ्यावर ती प्रवाहात खाली पळाली आणि मऊ रॉडने प्रत्येक झटका गिळला, कडक रॉड असता तर दोरा तुटला असता. हात ओले करून धरली, पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला, तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवली, ती स्वतः जोर करून गेली.

नागपूरसाठी माझं वेळापत्रक असं, ऑक्टोबर शेवट ते फेब्रुवारी ऊन चढल्यावर, दहा ते तीन, मार्च-एप्रिल पहाट ते साडेआठ, मेमध्ये साडेसातलाच आवरतो. जुलै-ऑगस्ट गळ टाकतच नाही, आपले रोहू, कटला, मृगळ पावसाच्या पाण्यातच अंडी घालतात. तोतलाडोहकडे रॉड घेऊन जाऊ नका, ते पेंचचं जंगल आहे, मासेमारीला बंदी आहे. अंबाझरी, फुटाळ्याचे मासे मी खात नाही, शहराचं पाणी आहे.

आणि रॉडची नळी उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. मी मेमध्ये एक दुपार ठेवली होती, लाईन रीलवरच एकमेकीला चिकटली आणि वरचा थर सोलला गेला. आता घरी आलो की लाईन साबणाच्या कोमट पाण्यात धुतो, शेवाळ आणि गाळ निघतो, कोरड्या फडक्याने पुसतो, सैल वेटोळी करून कपाटात, कूलरच्या खोलीत.