हॅरिस-वॉल्झ कॅमो टोपी : ४० डॉलरला काय मिळालं

आधी माल सांगते, माणसांकडे नंतर वळू. बेसबॉल कॅपच्या घाटाची टोपी आहे. पुढे कडक पुठ्ठा, मागे घट्ट-सैल करायचा पट्टा. कापड मिलिटरी छापाचं, तपकिरी-हिरव्या डागांचं. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात त्याला नुसतं कॅमो म्हणतात आणि शिकाऱ्यापासून शाळकरी पोरापर्यंत कुणीही घालतं. कपाळावर भडक नारंगी धाग्याने दोन ओळी भरल्यात, वर हॅरिस आणि खाली वॉल्झ. भरतकाम दाट आहे, आतून दोरे लोंबत नाहीत. अमेरिकेत, युनियनच्या कामगारांनी शिवलेली. किंमत २०२४ मध्ये ४० डॉलर होती, पोस्टेज वेगळं. माझ्या सासूबाई अजून डॉलरचे रुपये केल्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत. सव्वातीन हजारांच्या वर जाते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "एवढ्यात सोबत काय दिलं?"

सोबत उपाध्यक्षपदाचा उमेदवार दिला, दुसरं काय!

६ ऑगस्ट २०२४ ला अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांनी जोडीदार म्हणून आमचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचं नाव जाहीर केलं. त्यांना फोन करून विचारतानाचा व्हिडिओ प्रचारवाल्यांनी टाकला. त्यात वॉल्झ टी-शर्टवर, डोक्याला साधी कॅमो कॅप. एरवी अशा वेळी माणूस कोट घालून बसतो. संध्याकाळी फिलाडेल्फियात दोघांची पहिली सभा झाली, तोवर प्रचाराच्या ऑनलाइन दुकानात तशाच कापडाची ही टोपी आली होती. पहिल्या ३,००० अर्ध्या तासात संपल्या, आणि बघता बघता मागणी दहा लाख डॉलरच्या आसपास पोचली. चॅपेल रोन या गायिकेची कॅमोवर नारंगी अक्षरांची टोपी आधीपासून तरुण पोरींच्या डोक्यावर होती. त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या इंटर्न मुलीने माझ्या टोपीचं तोंडभर कौतुक केलं ते त्या गायिकेची समजून. जवळ येऊन वाचल्यावर आणखी खूश झाली, हे खरं.

घेताना एक गंमत कळली. अशी टोपी घेणं म्हणजे कायद्याने राजकीय देणगीच. त्यामुळे पैसे भरण्याआधी मी नागरिक आहे किंवा ग्रीन कार्डवर आहे, हे कबूल करून खूण करावी लागली. माझा भाचा एच-वन-बी व्हिसावर. त्याला वॉल्झ फार आवडले होते, पण टोपी घेता येईना. "मावशी, मत नाही हे ठीक, टोपीपण नाही?" मग त्याने कुठल्याशा वेबसाइटवरून १४ डॉलरची नक्कल मागवली. तिची अक्षरं भरलेली नाहीत, इस्त्रीने चिकटवलेली आहेत. नारंगी म्हणावं तर झेंडू आणि कॅमो म्हणावं तर शेवाळलेली फरशी. पहिल्या धुण्यातच कोपरे उचकटले. दोन्ही शेजारी ठेवल्या की ४० डॉलर कुठे गेले ते कळतं, एवढं मूळ टोपीच्या बाजूने सांगायलाच हवं.

आता माणसं. टोपीवर वरचं नाव हॅरिसचं, पण मला थांबवून जो कुणी बोलला तो खालच्या नावाबद्दल बोलला. आम्ही सेंट पॉलच्या दक्षिणेला ईगनमध्ये राहतो. इथे उमेदवाराची टोपी घालणं म्हणजे कपाळावर 'बोला' अशी पाटी लावणं. किराण्याच्या रांगेत एक बाई सरळ "टॅम्पॉन टिम" असं पुटपुटून पुढे गेल्या. शाळांच्या स्वच्छतागृहांत मुलांना पाळीचं साहित्य मोफत ठेवायचं, हा २०२३ चा कायदा वॉल्झनी केला, त्यावरून विरोधकांनी काढलेलं हे नाव. मला विचाराल तर शिवी म्हणून फारच कच्ची. ज्या बाईने शाळेत असताना ओढणी मागे बांधून दिवस काढलाय, तिच्या दृष्टीने हा सत्कारच. मिनीॲपोलिसच्या लेक स्ट्रीटवर मी ज्यांच्याकडे भाजी घेते ते दुकानदार मात्र टोपीकडे बघून गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "२०२० मध्ये नॅशनल गार्ड उशिरा बोलावलं यांनी." नॅशनल गार्ड म्हणजे राज्याची राखीव फौज. पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडची हत्या केल्यावर दंगलीत त्या रस्त्यावर काय जळलं ते मी पाहिलंय. मी पिशवी उचलली आणि निघाले. टोपीने तिथे वाद घालायचा नसतो.

आपल्या लोकांचं म्हणाल तर गणपतीत आरतीपेक्षा या विषयाला जास्त आवाज होता. अर्धे म्हणत, पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो घ्यायला हवे होते, त्या राज्याची १९ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या या मतांवर) म्हणजे काय चेष्टा आहे? अर्ध्यांना वॉल्झ म्हणजे गावचे हेडमास्तर वाटत. आमच्यातली एक तेलुगू मैत्रीण पंधरा दिवस उषा व्हान्सचे, म्हणजे समोरच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या तेलुगू घरातल्या बायकोचे, फोटो दाखवत होती. नवऱ्याला मत देणार का म्हटल्यावर म्हणे, "छे गं, पण मुलगी आमची ना!" जुलैत ट्रम्प यांनी जोडीदार म्हणून जे.डी. व्हान्सना निवडलं तेव्हा 'मांजरं पाळणाऱ्या निपुत्रिक बायका' हे व्हान्स यांचं जुनं वक्तव्य वर आलं होतं आणि बायकांच्या ग्रुपवर आग लागली होती. वॉल्झच्या वेळी त्या ग्रुपवर हसणं सुरू झालं, कारण मिनेसोटात तिखटाची कमाल म्हणजे मिरपूड, असं ते हॅरिस यांना सांगत होते. लगेच तिघींनी कांदा-लसूण मसाला पाठवायची तयारी दाखवली.

सगळ्यात नीट परीक्षण शेजाऱ्याने केलं. साठीपुढचा गृहस्थ, दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातो, गराजमध्ये फ्रीजर भरलेला. त्याने टोपी माझ्या डोक्यावरून मागून घेतली, उलटी केली, लेबल वाचलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. "चांगली टोपी आहे," म्हणाला. मिनेसोटात यानंतर 'पण' येतो. पण ही घालून हंगामात जंगलात जाऊ नकोस, म्हणे. बंदुकीने हरणं मारायच्या हंगामात टोपी आणि कमरेवरचा कपडा झगझगीत नारंगी किंवा गुलाबी लागतो, नाहीतर दुसरा शिकारी तुलाच हरीण समजायचा. तुझ्या टोपीवर नारंगी फक्त नावापुरतं आहे.

मी विचारलं, तू घेतलीस का? त्याने गराजच्या खुंटीकडे बोट केलं. तिथे चार कॅमो टोप्या होत्या, ट्रॅक्टरच्या, बियाण्यांच्या कंपन्यांच्या, फुकट मिळालेल्या, घामाने पांढऱ्या पडलेल्या. "मला टोपी आहे," म्हणाला. शाळेत सगळ्या मुलांना मोफत जेवण दिलं ते वॉल्झनी बरं केलं, हेही त्यानेच मला सांगितलं. तरी मत कुणाला ते सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. ऑक्टोबरात वॉल्झ स्लीपी आय गावाकडे फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला गेले आणि बंदूक भरताना अडखळले, तो व्हिडिओ गावभर फिरला. टोपी घेतलेली माझी सगळी मित्रमंडळी चिडली. हा शेजारी तेवढा म्हणाला, नवी बंदूक सगळ्यांनाच छळते.

दुसरा जाणकार साताऱ्याचा. आमचं गाव अपशिंगे मिलिटरी. नावातच मिलिटरी, घरटी कुणी ना कुणी फौजेत. अप्पाकाका सुभेदार म्हणून निवृत्त झाले. व्हिडिओ कॉलवर टोपी बघून पहिला प्रश्न, "कुठल्या युनिटची गं ही?" राजकारणाची आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. असलं कापड कुणीही घालतं, याचं त्यांना आयुष्यभर वाकडं. मग मी तेव्हा गाजत असलेला रँकचा वाद सांगितला. वॉल्झ नॅशनल गार्डमध्ये कमांड सार्जंट मेजर होते, पण त्या पदाचा अभ्यासक्रम पुरा झाला नव्हता, म्हणून निवृत्ती मास्टर सार्जंटच्या रँकवर. २००५ मध्ये ते अमेरिकी संसदेची निवडणूक लढवायला बाहेर पडले आणि त्यांची बटालियन पुढे इराकला गेली. व्हान्स स्वतः मरीन म्हणून इराकला जाऊन आलेले, त्यांनी हे धरून ठेवलं.

अप्पांनी दोनच गोष्टी विचारल्या. सर्व्हिस किती? २४ वर्षं. पेन्शन कुठल्या रँकची? खालच्या. "मग त्यात चोरी नाही. पण दारावरच्या पाटीवर पेन्शनचीच रँक लिहायची." इकडे टीव्हीवर तास तास चर्चा झाली. प्रचाराच्या वेबसाइटवरचं 'निवृत्त कमांड सार्जंट मेजर' बदलून 'त्या पदावर काम केलं' असं करावं लागलं. अप्पांनी दोन मिनिटांत फाइल बंद केली.

टोपी देखणी आहे, टिकाऊ आहे, पण ज्याच्यासाठी ती शिवली असं दुकान भासवत होतं ते गिऱ्हाईक तिला मिळालं नाही, हे माझं मत. ज्यांच्या घरी खुंटीला चार कॅमो टोप्या आहेत त्यांना पाचवी, तीही ४० डॉलरची, कशाला? घेतली आम्ही, ज्यांनी हरीण फक्त रस्त्यात गाडीसमोर पाहिलंय, आणि ज्यांचं मत ६ ऑगस्टच्या आधीच ठरलं होतं. 'आपल्यातला माणूस' म्हणून नाचलो ते आम्ही, आणि तो ज्यांच्यातला मानला जात होता ते बघत राहिले. नोव्हेंबरात मिनेसोटाची १० इलेक्टोरल मतं हॅरिस-वॉल्झला मिळाली, देशात मात्र २२६ विरुद्ध ३१२ असा निकाल लागला. आणि ज्या मॅनकॅटोत वॉल्झ शिकवत होते, जिथे त्यांच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९९९ मध्ये राज्याची स्पर्धा जिंकली, त्या गावाचा जिल्हा, ब्लू अर्थ काउंटी, २०२० मध्ये बायडन यांच्याकडे होती, ती या वेळी ट्रम्प यांच्याकडे गेली.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा किमतीचा कापला. अर्धा उन्हाळ्याचा, कारण कापड जाड आहे आणि जुलैत टाळू शिजते. ऑक्टोबरपासून मात्र मस्त. अंबाडा घालत असाल तर मागच्या पट्ट्याच्या फटीतून तो जात नाही, वेणी जाते. मशीनला लावू नका, बादलीत गार पाण्यात बुडवून हाताने चोळा आणि वाटीवर पालथी घालून सावलीत वाळवा, पुठ्ठा वाकत नाही. जुन्या बाजारात दिसली तर आधी अक्षरांवर नख फिरवून बघा. धागा लागला तर मूळची, गुळगुळीत लागली तर भाच्याकडची.