शाळेसाठी 42 पट्ट्यांची पेटी (हार्मोनियम): घ्यावी, पण पारखून

संगीताच्या तासाला खर्ज-नर अशी दुहेरी सुरांची, म्हणजे खालचा आणि मधला असे सुरांचे दोन संच असलेली साधी पेटी पुरते. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी, नको. त्यात नाजूक भाग फार, दुरुस्तीला जाणकार लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, फटींतून हवा गळते. पत्र्याच्या खोलीत तर पेटी ठेवूच नये. घेताना हवा सुरांकडे सोडणारे पुढचे सगळे खुंटे आत ढकलून, पट्टी न दाबता दोन-तीनदा हवा भरा. भाता तरीही सहज बसत राहिला, तर ती पेटी नको.

अख्ख्या वर्गाला एकाच पट्टीत, म्हणजे एकच 'सा' धरून, गायला लावणं हे मोठं नुकसान. मुलींना साधारण काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी 'सा' म्हणून) सोसते, आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक. गायक व्हायचंय त्यांना तानपुराही द्या. नुसत्या पेटीवर विसंबू नका, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही.