दोन टीबीचा ड्राइव्ह, आत ६४ जीबीचं कार्ड

माझ्याकडे लॅपटॉप एकच आहे आणि कामासाठी त्यात विंडोज असणं भाग आहे. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र मला मनापासून हवी होती. आतल्या डिस्कला हात लावायचा नव्हता, म्हणून एक्स्टर्नल एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायचा वेगवान ड्राइव्ह, घेऊन त्यावर लिनक्स बसवायचं ठरवलं. ऑनलाइन एक २ टीबीचा ड्राइव्ह दिसला. यूएसबी ३.२, वेग १० जीबीपीएस, आणि किंमत नावाजलेल्या ड्राइव्हच्या निम्म्याहूनही कमी. रिव्ह्यू शेकड्यांनी होते. त्यातले कितीतरी चार्जिंग केबलबद्दलचे होते, हे नंतर नीट वाचल्यावर कळलं. जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून त्यावर नवी वस्तू चढवली होती.

ड्राइव्ह जोडला. विंडोजने २ टीबी दाखवलं, लिनक्सनेही तेच दाखवलं, फॉरमॅटही विनातक्रार झाला. यावरच मी विश्वास ठेवला. पण क्षमतेचा आकडा ऑपरेटिंग सिस्टिम मोजून काढत नाही, ड्राइव्हचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रक चिप, सांगेल तो ती मानते. क्विक फॉरमॅटही सगळी जागा तपासत नाही, मोजक्या ठिकाणी लिहून मोकळा होतो.

सुरुवातीचे ४० जीबी लिनक्सला दिले, उरलेल्या जागेत एक्सफॅट या फॉरमॅटचं पार्टिशन (स्वतंत्र कप्पा) केलं, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडून वाचता यावं म्हणून. लिनक्स चालू व्हायला फार वेळ लागायचा, ब्राउझर उघडताना तर सगळंच गोठायचं. यूएसबीवरून चालवलं की असंच होत असेल, अशी मी समजूत करून घेतली. तसं होत नाही. खऱ्या एसएसडीवर यूएसबी ३ मधूनही लिनक्स रोजच्या कामाला पुरेसं चपळ चालतं.

महिन्याभराने आतल्या डिस्कवर जागा उरली नाही, म्हणून विंडोजमधून मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्या पार्टिशनमध्ये हलवले. सुमारे ५० जीबी. हलवल्यावर बरेच उघडून पाहिले, सगळे व्यवस्थित होते. मगच मूळ प्रती पुसल्या.

दुसऱ्या दिवशी बूट मेनूत लिनक्सची नोंदच नव्हती. पार्टिशन टेबल, म्हणजे ड्राइव्हच्या सुरुवातीला असणारी कप्प्यांची यादी, गायब. पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लाइव्ह लिनक्स सुरू करून टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशन शोधणाऱ्या साधनाने शोध घेतला, तर एक्सफॅट पार्टिशन सापडलं आणि फोटोही उघडले. जीव भांड्यात पडला. माझ्याच मांडणीत काही चुकलं असेल असं वाटून मी पहिल्या ४० जीबीत लिनक्स पुन्हा बसवलं. त्यानंतर अलीकडचे अल्बम उघडले तर कुठे अर्धं चित्र राखाडी, कुठे फाइलच उघडेना.

घडलं होतं ते असं. ड्राइव्हमध्ये खरी जागा होती फक्त ६४ जीबी. ती भरली की पुढचा डेटा गुपचूप पुन्हा सुरुवातीपासून लिहिला जाई. म्हणजे पहिले २४ जीबी फोटो आपल्या जागी गेले आणि उरलेले लिनक्सच्या उरावर बसले. वाचतानाही पत्ता तसाच फिरून येत असल्यामुळे फोटो उघडत होते. मी लिनक्स पुन्हा बसवलं आणि माझ्याच हाताने त्या फोटोंवर लिहिलं. मूळ प्रती लॅपटॉपच्या एसएसडीवर होत्या. तिथे पुसलेल्या जागा ट्रिममुळे (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी सूचना) रिकाम्या होतात, त्यामुळे रिकव्हरीतूनही काही हाती लागलं नाही.

शेवटी ड्राइव्हचं कवच उघडलं. आत एक छोटा बोर्ड आणि गोंदाने चिकटवलेलं मायक्रोएसडी कार्ड.

विक्रेत्याचं उत्तर आलं की लिनक्सने फॉरमॅट केल्यामुळे ड्राइव्ह बिघडला, आणि परतीची मुदतही उलटून गेली आहे. पहिलं कारण धादांत खोटं आहे. कोणत्याही फॉरमॅटने ६४ जीबीचे २ टीबी होत नाहीत आणि २ टीबीचे ६४ जीबीही होत नाहीत. मुदतीचं मात्र खरं होतं.

म्हणून कळकळीने सांगते, ड्राइव्ह हातात येताच, त्यात काहीही ठेवण्याआधी, परतीची मुदत शिल्लक असतानाच तपासा. लिनक्सवर एफथ्री नावाचं साधन आहे. त्यातलं एफथ्रीप्रोब बहुतेक वेळा काही मिनिटांत खरी क्षमता सांगतं, पण रिकाम्या ड्राइव्हवरच चालवा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू पूर्ण जागा लिहून परत वाचतं. याला वेळ लागतो. माझ्या ड्राइव्हच्या वेगाने २ टीबी नुसतं लिहायलाच बारा तासांहून जास्त लागले असते, आणि तोच पहिला पुरावा ठरला असता. लिनक्सवर एलएसयूएसबी ही कमांड टी पर्यायासह (lsusb -t) चालवली की जोडणीचा वेग दिसतो. यूएसबी ३ च्या पोर्टला, ड्राइव्हसोबतच्या केबलने जोडूनही माझ्याकडे ४८०एम (सेकंदाला ४८० मेगाबिट) दिसत होतं, म्हणजे यूएसबी २ चा वेग. खऱ्या ड्राइव्हला तिथे निदान ५०००एम दिसायला हवं होतं.

परवा ते पान पुन्हा उघडून पाहिलं. ड्राइव्हचं नाव बदललंय, फोटो तोच आहे, आणि क्षमता आता ४ टीबी लिहिली आहे.