लोकमान्य नगरच्या काकूंचा डबा, तीन महिन्यांनंतर

मी इंदूरला, विजय नगरमधे नोकरी करते. मार्गशीर्षापर्यंत माझं खाणं म्हणजे सकाळी निघताना उभ्याउभ्या पोहे-जलेबी, दुपारी काम आलं की एखादी कचोरी नाहीतर बिस्किटं, मधे चार-पाच चहा, आणि संध्याकाळी घरी पोचले की लेकीवर खेकसणं. दप्तर वाटेत टाकलं म्हणून, गणित चुकलं म्हणून, कशावरूनही. रात्री ती झोपली की तिच्याकडे बघून मलाच रडू यायचं. वाटायचं स्वभावच बिघडलाय माझा.

जाऊबाईंनी या काकूंचा नंबर दिला. घरगुती डबा, पाटीबिटी काही नाही. तीन पोळ्या, एक भाजी, उसळ किंवा वरण, कोशिंबीर, आणि गुरुवारी मेतकूट-मऊ भात. मटकीची उसळ तर एवढी छान की दाणा न् दाणा अख्खा, मोड शाबूत, पण बोटानं दाबला की मऊ, वर गोडा मसाला आणि आमसुलाचा आंबटपणा, झाकण उघडलं की शेजारची टेबलं वळून बघतात. सोबत चिमुकल्या वाटीत जवसाची चटणी.

पण मला खरं बांधून ठेवलं ते वेळेनं. पावणेएकला डबा टेबलावर, म्हणजे पावणेएकला. पहिल्या दोन आठवड्यांतच लक्षात आलं की चार वाजताची ती हात थरथरणारी, कोणी हाक मारली तरी अंगावर येणारी भूक गेली. रिकाम्या पोटी मैदा-साखर गेली की रक्तातली साखर झपकन चढते न् तशीच उतरते, आणि उतरताना काही जण चिडचिडे होतात, उसळ-पोळीनं ती हळू चढते. एकदा डबा फोन न करता दोन वाजून दहा मिनिटांनी आला, त्या दिवशी मी कारण नसताना टीममधल्या मुलीवर ओरडले. तेव्हा पटलंच.

मग थोडं वाचलं. २०१७ साली ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग छापून आला होता, डिप्रेशनचे ६७ पेशंट, १२ आठवडे, एका गटाला डाळी-भाज्या-फळं-मासे असं खाणं आहारतज्ज्ञांनी शिकवलं, दुसऱ्याला नुसती गप्पांची सोबत दिली. पहिल्या गटात साधारण ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली, दुसऱ्यात ८ टक्के. प्रयोग छोटा आहे आणि बऱ्याच जणांचे नेहमीचे उपचार चालूच होते, म्हणून डबा लावून कोणी आपल्या गोळ्या बंद करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतेय. माझंही बी१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आम्ही शुद्ध शाकाहारी, ते काही उसळीनं भरून येत नाही, त्याच्या गोळ्या वेगळ्या चालू आहेत. चारनंतरचा चहाही सोडलाय, कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि माझी झोप आधीच कच्ची. त्यामुळे सगळं श्रेय डब्याला नाही देत, पण अर्ध्याहून जास्त नक्की.

तक्रारी आहेत. शुक्रवारची बटाट्याची भाजी तेलकट असते. रविवारी बंद, आणि रविवारीच मी परत सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊन नको तेवढं खाते, सोमवारी सकाळी डोकं जड. पोळ्या आधी फॉइलमधे यायच्या, वाफेनं खालची पोळी ओली व्हायची, ते सांगितलं तर काकू म्हणाल्या, "अगं आधी का नाही बोललीस, फडक्यात बांधून देते की." दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या सुती फडक्यात, शेवटची पोळीसुद्धा कोरडी न् मऊ.

महिन्याचे २६ डबे, २,८६० रुपये. मला महाग नाही वाटत. दुसऱ्या दिवशी नको असेल तर आदल्या संध्याकाळी सातच्या आत कळवावं लागतं. आणि जवसाची चटणी मागून घ्या, न मागता सगळ्यांना देत नाहीत, माझी लेक आता ती वाटी घरी आणायला लावते आणि भातावर घालून खाते, मी समोर बसलेली असते.